देवराईत वळवानं झाडं लोळवली: उचलायची, विकायची की तशीच ठेवायची?

भोगावतीकाठ | १४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. राधानगरी तालुक्याच्या पश्चिम अंगाला आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, गावात आधीच दोन तट पडलेत.

परवाच्या वळवात आमच्या देवराईची पार दैना झाली. पाऊस अर्धा तासच होता, पण वारा असा की देवळाची कौलं शेताच्या बांधावर सापडली. राईतलं थोरलं जांभूळ मुळासकट उपटून आडवं झालंय. एक ऐन कमरेतून मोडलाय, एक नाना दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात अडकून तिरका उभा आहे. बारकी झाडं तर मोजलीच नाहीत. राईला लागून जुनी ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड आहे, ती जवळजवळ सगळी एका अंगाला झोपली.

आता लाकूडवाला व्यापारी येऊन गेलाय. सगळं लाकूड उचलून, जेसीबीनं जागा साफ करून देतो म्हणतो, वर देवळासाठी रोख रक्कम. तरुण मंडळाचं म्हणणं, साफ जागेवर नवीन हजार रोपं लावू, फोटोही चांगले येतील. माझं मन तयार नाही, पण सभेत मांडायला मुद्दा पाहिजे. "पडलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड, त्यात आता कार्बन-बिर्बन काय राहिलाय?" असं एकानं तोंडावर विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. सभा पुढच्या आठवड्यात आहे. जाणकारांनी सांगावं.

---

सडेफिरस्ता | १४ मे, रात्री १०.२५

आधी दोन गोष्टी सांगा. झाडं सगळी एकाच दिशेला पडलीत का? आणि उन्मळलेली जास्त की मोडलेली जास्त?

विचारतो अशासाठी की घाटावरच्या झाडांना वारा नवीन नाही. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा ती झेलतातच. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं रेटा आला की झाड त्या हिशेबानं मुळं पसरतं, बुंधा जाड करतं. वळवाचं गणित वेगळं. दुपारी तापलेल्या हवेत ढग उभा चढतो, पाऊस पडताना त्यातलं थोडं पाणी हवेतच वाफ होऊन जातं, हवा गार आणि जड होते आणि ढगाखालून धाडकन खाली आदळून चहूकडं पसरते. ते वारं आपल्याकडं बहुतेकदा पूर्वेकडून येतं, म्हणजे ज्या बाजूची झाडाला सवय नाही त्याच बाजूनं. वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळं शेजारच्या वाडीत नुसता पाला उडतो आणि तुमच्याकडं राई आडवी होते.

फ्रान्समध्ये २००९ च्या क्लाऊस वादळानंतर अभ्यासकांनी मोडलेल्या झाडांचा हिशेब मांडला. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वारा गेला की ओक असो की पाइन, जाड असो की बारीक, बुंधे मोडायलाच लागतात. म्हणजे एका मर्यादेपलीकडं झाडाच्या जातीला फारसा अर्थ राहत नाही. त्या मर्यादेच्या आत मात्र जात, माती, उंची, शेजार सगळ्याला अर्थ असतो. आपले वळीव बहुतेक त्या आतलेच.

---

भोगावतीकाठ | १५ मे, सकाळी ७.१०

बहुतेक सगळी पश्चिमेला डोकं करून पडलीत. बाभळी उन्मळल्या, राईतली जास्त करून मोडली. जांभूळ तेवढं उन्मळलं.

---

आजऱ्याचा काजूवाला | १५ मे, सकाळी ८.०२

आमच्याकडं पण तेच वारं. काजूची बाग निम्मी गेली, आवंदाचं पीक तर गेलंच. आमच्या दुःखावर कोण धागा काढत न्हाई ते जाऊ द्या.

भोगावतीकर दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लाकूड कुजवून देव पावत न्हाई. देवळाची कौलं उडालीत म्हणताय, पैसं आयतं येताहेत. विका आणि मोकळं व्हा. पडलेल्यातनं वाळवी लागंल, ती उद्या उभ्या झाडाला आणि देवळाच्या वाशाला लागंल. शहरातली माणसं मोबाईलवर बसून "निसर्गाला निसर्गावर सोडा" म्हणत्यात, रानात शेळी घालायची वेळ आली की कळतं.

---

वनस्पतीवाली | १५ मे, दुपारी १.३०

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कार्बनच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सभेत तोच अडला होता.

सुक्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं. सहा फूट घेराचं, पंधरा मीटर उंच जांभूळ धरलं तर जमिनीवरचं सुकं वजन ढोबळ दोन टन येतं. त्यात एक टन कार्बन. तो सगळा हवेत गेला तर साडेतीन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. झाड पडलं त्या रात्री यातलं काहीच हवेत गेलेलं नाही. फक्त उभं होतं ते आडवं झालं. आता पुढं ते किती वेगानं हवेत जाणार हे तुमच्या सभेवर आहे. वीटभट्टीवर गेलं तर एका हंगामात धूर. राईत राहिलं तर बुरशी, वाळवी, भुंगेरे हळूहळू खाणार, काही भाग मातीत मुरणार. आपल्या दमट हवेत हे थंड देशांपेक्षा भरभर होतं, मऊ लाकूड काही पावसाळ्यांत भुसभुशीत होतं. पण ऐन, अंजनी असलं टणक लाकूड बरीच वर्षं टिकतं. आणि हो, त्याचे वासे, दारं केली तर घरात तो कार्बन पन्नास-शंभर वर्षंही राहतो. हा मुद्दा काजूवाल्यांच्या बाजूचा आहे, लपवत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचं तर २००५ चं कॅटरिना. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर त्या एका वादळानं सुमारे ३२ कोटी मोठी झाडं मारली किंवा जबर मोडली, असा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून आणि जमिनीवरच्या पाहणीवरून २००७ मध्ये मांडला गेला. त्यात अडकलेला कार्बन सुमारे साडेदहा कोटी टन. देशभरातली जंगलं वर्षभरात जेवढा कार्बन शोषतात त्याच्या तोडीचा आकडा. पण तोही एका दिवसात हवेत गेला नाही, मेलेल्या लाकडाच्या खात्यात वर्ग झाला. पुढची कित्येक वर्षं ते खातं झिरपत राहतं आणि शेजारी नवीन वाढ भरत राहते. दोन्हींत कोण पुढं, यावर जंगल कार्बन कमावतंय की गमावतंय हे ठरतं.

वाळवीबद्दल. रानातली बहुतेक वाळवी मेलेलं लाकूड खाणारी असते. निरोगी उभ्या झाडाला तिच्यापासून फारसं भय नसतं. देवळाच्या वाशाचं भय मात्र खरं आहे, म्हणून देवळाला टेकून लाकूड ठेवू नका.

---

कळंबा नाका | १५ मे, दुपारी २.१५

विषय हार्ड आहे, पण एक शहरातला प्रश्न. आमच्या कॉलनीत दर वळवाला एक गुलमोहर कुणाच्या तरी गाडीवर पडतोच. राईतली झाडं पडली की धागा, आमची पडली की विम्याचा अर्ज.

---

सडेफिरस्ता | १५ मे, दुपारी २.४०

@कळंबा नाका, गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्यात बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि गटारासाठी एका बाजूची मुळं छाटलेली. पडायला वळीव तरी कशाला पाहिजे? वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

मूळ विषयाकडं. भोगावतीकरांनी सांगितलेली बाब बोलकी आहे. बाभळी उन्मळल्या, राई मोडली. सारख्या वयाची, सारख्या उंचीची, एका जातीची लागवड एकदम आडवी होते, हे जगभर दिसलंय. स्वीडनमध्ये जानेवारी २००५ च्या गुडरुन वादळात साडेसात कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत पडलं, त्यात बहुतेक स्प्रूस या सूचीपर्णी झाडाची लागवड. नंतर सालीखालच्या भुंगेऱ्यांनी उभी राहिलेलीही पोखरली. राईत मात्र थोरली, मधली, बारकी, वेली असा सगळा गोतावळा असतो. थोरलं पडतं, मधली वाचतात.

आमच्या घाटमाथ्याचं जंगल बघा. दाजीपूरपासून वर सड्याच्या (कातळपठाराच्या) कडेनं चालत गेलात तर अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडं बुटकी आणि शेंडे एका पातळीत. त्याच जांभळाचं बी खाली ओढ्याच्या घळीत पडलं की दुप्पट उंच जातं. वर जांभ्यावर माती वीतभर आणि वारा मोकळा, खाली माती खोल आणि आडोसा. उंच व्हायला गेलेली झाडं वारा पिढ्यान् पिढ्या छाटत आलाय. त्यामुळं माथ्यावरच्या एकरात घळीपेक्षा कमी कार्बन असणार, पण आहे तो वाऱ्याला पुरून उरलेला आहे. सावकाश वाढलेलं अंजनीचं लाकूड कुऱ्हाडीला दाद देत नाही, ते उगाच नाही. कार्बन-क्रेडिटवाले, म्हणजे झाडांतल्या कार्बनच्या हिशेबावर पैसे मिळवणारे, येऊन "माथ्यावर भरभर वाढणारी उंच झाडं लावू" म्हणतात तेव्हा मला हसू येतं. वारा ते कर्ज व्याजासकट वसूल करतो.

---

माहेर_गगनबावडा | १५ मे, सायंकाळी ६.५५

मी वयानं तुमच्यापेक्षा मोठी, शास्त्रातलं कळत नाही. पण आमच्या माहेरच्या राईत पडलेली फांदीसुद्धा कोणी घरी नेत नव्हतं. देवाचं ते देवाचं. देऊळ बांधायला लाकूड लागलं तर गावानं मिळून कौल लावायचा, कौल मिळाला तर पडलेल्यातलंच घ्यायचं. उभ्याला हात लावायचा नाही. सरपणाला घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. पडलेल्या खोडाच्या आसऱ्यानं आळंबी उगवायची, ती मात्र आम्ही पोरी घेऊन यायचो, त्याला देवाची हरकत नव्हती.

व्यापाऱ्याला द्यायच्या आधी कौल लावलाय का रे बाळांनो?

---

भोगावतीकाठ | १५ मे, रात्री ८.२०

काकू, कौल लावलेला नाही. गुरव म्हणतात सभेनंतर बघू. तुमचा मुद्दा सभेत सगळ्यात आधी मांडतो, कार्बनपेक्षा तो जास्त चालेल.

---

वनस्पतीवाली | १५ मे, रात्री ९.३०

काकूंच्या माहेरची रीत आणि अमेरिकेतला एक प्रयोग जवळजवळ एकच गोष्ट सांगतात, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते. मला या विषयात सगळ्यात आवडलेला प्रयोग आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं संशोधन-जंगल आहे. सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळानं न्यू इंग्लंडची जंगलं झोपवली होती. तेव्हा सरकारी यंत्रणेनं पडलेलं लाकूड गोळा करण्याची प्रचंड मोहीम काढली. खराब होऊ नये म्हणून ओंडके तळ्यांत बुडवून ठेवले होते. पुढं तिथल्या नद्यांचं पाणी काही वर्षं वाढल्याचं दिसलं, आणि सगळं खापर वादळावर फुटलं. प्रश्न असा की हे वादळानं केलं की मागून आलेल्या माणसांनी आणि करवतींनी?

म्हणून १९९० मध्ये त्यांनी जंगलाच्या एका तुकड्यात वादळाची नक्कल केली. मोठी झाडं तारेच्या दोरानं, विंच नावाच्या ओढयंत्रानं ओढून पाडली. कुठली पाडायची आणि कुठल्या दिशेला, हे १९३८ च्या नोंदींवरून ठरवलं. वरच्या थरातली दहातली आठ झाडं गेली. आणि मग, हे महत्त्वाचं, काहीही उचललं नाही.

बघायला रणांगण झालं होतं. पण पडलेल्यांपैकी कितीतरी झाडं मेलीच नाहीत. थोडी मुळं जमिनीत शाबूत होती, त्या जोरावर आडव्या अवस्थेत पुढची काही वर्षं पालवी धरत राहिली. बुंध्यांतून फुटवे आले. जमिनीवर सावली टिकली, ओल टिकली, मातीतल्या रसायनांत नावापुरता फरक पडला. पाव शतकानंतरही तिथं प्रामुख्यानं आधीचीच माणसं होती, म्हणजे आधीच्याच जाती. मेपल आणि ओक. बाहेरून येऊन कोणी कब्जा केला नाही. संशोधकांचा निष्कर्ष साधारण असा की जंगल वादळ पचवतं, पण वादळ अधिक सफाई हा दुहेरी मार जड जातो.

तुमच्या जांभळाची मुळं एका बाजूनं मातीत आहेत का बघा. असली तर ते झाड अजून मेलेलं नाही.

---

आजऱ्याचा काजूवाला | १५ मे, रात्री १०.१०

मॅडम, अमेरिकेतलं रान न्हवं हे. तितं रानमोडी हाय का? घाणेरी हाय का? आमच्याकडं ऊन पडायची खोटी, दोन पावसाळ्यात रानमोडी पुरुषभर. त्यातनं तुमचं जांभूळ कुठनं डोकं वर काढणार? सोडून द्या म्हणणं सोपं हाय.

---

वनस्पतीवाली | १५ मे, रात्री १०.३५

या मुद्द्यावर काजूवाले दादांशी पूर्ण सहमत. हार्वर्डच्या तुकड्यात आधीचीच झाडं परत आली, कारण रिकाम्या उजेडावर टपून बसलेलं परकं तण तिथं नव्हतं. आपल्याकडं आहे.

पण त्याचं उत्तर जेसीबी नाही, जेसीबीनं उलट रानमोडीचंच फावतं. जांभळाचं बी वाळलं की मरतं, ते वर्षानुवर्षं मातीत पडून राहत नाही. पिकलं, पडलं, पावसात लगेच रुजलं, एवढीच त्याची संधी. त्यामुळं राईची उद्याची पिढी मातीत लपलेली नसते, ती आत्ताच सावलीत गुडघाभर उभी असते, वर्षानुवर्षं उजेडाची वाट बघत. ओंडका फरफटत नेला की तीच चिरडते. आणि उघडी, उकरलेली माती रानमोडीच्या उडत्या बियांना आयती मिळते. थोरलं पडल्यावर जो उजेड आला तो या रोपांच्या हक्काचा आहे.

पहिली काही वर्षं चांदाडा, शेंद्री अशी भरभर वाढणारी झाडं येतील. येऊ द्या. त्यांचं लाकूड हलकं, कार्बन थोडा, पण सावली करून ती रानमोडीला मागं रेटतात आणि खाली जांभूळ-अंजनीला सावरतात. दोन टनांचं झाड परत उभं राहायला मात्र दशकं लागतात. हजार रोपांचा फोटो काढून तो हिशेब मिटत नाही. मोडलेल्या ऐनाची काळजी करू नका. राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, ऐनाचा टाळ (पानांच्या फांद्या) पिढ्यान् पिढ्या तोडत आलोय आपण, तो खुंटावरून फुटतोच.

---

भोगावतीकाठ | १६ मे, सकाळी ६.५०

आज राईत जाऊन वाकून बघितलं. खरंच, जांभळाच्या पायाशी बारकी रोपं खच्चून आहेत. इतकी वर्षं नुसतं वर बघून फिरत होतो. उन्मळलेल्या जांभळाची एका बाजूची मुळं जमिनीत आहेत, पानं अजून हिरवी. मुळांचा गड्डा मात्र माझ्याहून उंच उभा राहिलाय आणि खाली खोल खड्डा पडलाय. पोरं त्यात उतरून खेळत होती.

---

करवतवाला | १६ मे, सकाळी ७.३०

पोरांना आधी बाहेर काढा!! मी लाकूड कापायचाच धंदा करतो. उन्मळलेल्या झाडाचा बुंधा कापला की वजन सुटतं आणि मुळांचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो. त्याखाली माणूस असला तर चिरडतो. कधी तर नुसता पाऊस पडून माती भिजली तरी हलतो. दोर बांधून बंद करा ती जागा.

आणि तो बेचक्यात अडकलेला नाना सगळ्यात धोक्याचा. त्याच्याखालून वाट असली तर वाट बदला. अडकलेलं झाड काढायला नवशिक्याला लावू नका. व्यापाऱ्याची माणसं घाईत असतात, मी सांगतोय.

---

सडेफिरस्ता | १६ मे, सकाळी ९.१५

@करवतवाला, लाखमोलाचं बोललात.

धोका टळल्यावर तो खड्डा बुजवू नका एवढीच विनंती. झाड उन्मळलं की खालची माती वर येते, खड्डा पडतो, शेजारी उंचवटा होतो. थंड प्रदेशातल्या जुन्या जंगलांत असे खड्डे-उंचवटे शेकडो वर्षांनीही ओळखू येतात, त्यावरून जुन्या वादळांची दिशासुद्धा सांगतात. खड्ड्यात पाला आणि ओल साचते, उंचवट्यावर पाणी थांबत नाही, दोन्हीकडं वेगळ्या जाती रुजतात. सपाट केलेल्या जागेत ही सोय जाते. मोडलेला खुंटही तसाच उभा ठेवा. ढोली तयार झाली तर पुढं धनेशापासून पिंगळ्यापर्यंत कोणीतरी राहायला येतं.

वाऱ्यानं रान कसं घडतं याचं आणखी एक उदाहरण, जे मला वाचताना विश्वास बसला नव्हता. जानेवारी २००५ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यावरून वादळी ढगांची एक लांबलचक रांग आरपार गेली. नंतर हिशेब मांडला तेव्हा खोऱ्यात ४४ ते ६६ कोटी झाडं त्या दोन-तीन दिवसांत मेली असावीत असा अंदाज निघाला. त्या वर्षीची झाडांची मर आधी दुष्काळाच्या नावावर टाकली जात होती. चक्रीवादळ नाही, नाव नाही, बातमी नाही. आपल्या वळवाचाच थोरला भाऊ म्हणायचा.

---

कायद्यातलं थोडं | १६ मे, दुपारी १२.०५

कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो. राईची जमीन कुणाच्या नावावर आहे, सातबारा बघितलाय का? देवस्थान, वन खातं, महसूल, खासगी, प्रत्येकाचा नियम वेगळा. अभयारण्याच्या हद्दीत असेल तर प्रश्नच मिटला. जंगलांबाबतच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २००० ला आदेश दिलाय की राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, वाऱ्यानं पडलेली झाडं, वाहून आलेलं लाकूड, गवत, काही उचलायचं नाही. हद्दीबाहेर असलात तरी लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागू शकतो. व्यापारी "ते माझ्यावर सोडा" म्हणाला असेल तर नक्की सोडू नका. गाडी नाक्यावर अडली की नाव गावाचं येतं.

---

माहेर_गगनबावडा | १६ मे, दुपारी ४.४०

कोर्टानं सांगितलं ते आमच्या म्हाताऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. 🙂

---

आजऱ्याचा काजूवाला | १६ मे, सायंकाळी ७.१०

काकू, तुमच्यापुढं बोलायची आमची टाप न्हाई. पण एक विचारतो सगळ्यांना. ही वादळं आता वाढणार का? माझ्या आज्ज्यानं काजू लावला तवा असलं वारं न्हवतं म्हणायचा. परत काजूच लावू का दुसरं काय?

---

वनस्पतीवाली | १६ मे, रात्री ९.००

अरबी समुद्रातली चक्रीवादळं गेल्या चार दशकांत वाढली आहेत आणि जास्त वेळ टिकतात, हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या संशोधकांनी दाखवलंय. समुद्र तापतोय हे त्याचं मोठं कारण. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि गुजरातेत उतरलं, तेव्हा गीरच्या जंगलात लाखो झाडं पडली. कोल्हापूरपर्यंत चक्रीवादळाचा गाभा सहसा येत नाही, आपलं संकट मुख्यतः वळवाचं. तापलेल्या, दमट हवेत उभे ढग जास्त जोर धरू शकतात, पण अमुक गावात अमुक इतकी वादळं वाढतील असा आकडा तुम्हाला कोणी दिला तर त्याच्याकडून काजूचं रोपसुद्धा घेऊ नका.

वादळांचा जोर आणि घाई वाढली की काय होतं ते प्वेर्तो रिकोच्या बेटावर दिसलं. तिथल्या लुकिलो जंगलात १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळ आलं तेव्हा वर्षभरात गळतो तेवढा किंवा त्याहून जास्त पाला एका दिवसात जमिनीवर आला. जंगल सावरलं. तबोनुको नावाचं तिथलं थोरलं झाड शेजारच्या तबोनुकोंशी मुळं जोडून घेतं, त्यामुळं झुंडीनं टिकतं. मग २०१७ मध्ये मारिया आलं. त्यानं ह्यूगोच्या दुप्पट झाडं मारली, आणि मोडलेल्या बुंध्यांचं प्रमाण तर काही टणक जातींत कितीतरी पटींनी जास्त. आधी टिकून राहणाऱ्या जातीही मोडल्या. दोन वादळांत जंगलाला थोरलं व्हायला वेळच मिळाला नाही तर थोरली टणक झाडं कमी होतात, ताडासारखी वाकून वारा सोडणारी आणि झटपट वाढणारी उरतात. जंगल दिसतं हिरवंच, पण साठवण कमी.

काजूबद्दल: एकाच ओळीत एकाच वयाची बाग नको, पूर्वेच्या बांधावर मिश्र झाडांची दाट पट्टी उभी करा. पट्टी पूर्ण भिंतीसारखी बंद नको, थोडा वारा गाळून जाऊ दे, नाहीतर पलीकडं भोवरे होतात.

---

तिरकस | १६ मे, रात्री ११.२०

सगळे एका बाजूचं बोलताय म्हणून दुसरी बाजू. जर्मनीत बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात १९८३ मध्ये वादळानं पडलेली झाडं "राहू द्या तशीच" म्हणून ठेवली. पुढं भुंगेऱ्यांनी हजारो हेक्टर स्प्रूस वाळवला. गावकऱ्यांनी आंदोलनं केली, आमच्या आजोबांचं रान मारलंत म्हणून. तेव्हा "सोडून द्या" ला किंमत असते, आणि ती संशोधक देत नाहीत.

---

सडेफिरस्ता | १७ मे, सकाळी ८.३०

@तिरकस, उदाहरण खरं आहे, पण अर्ध्यावर सोडलंत. त्या वाळलेल्या स्प्रूसखाली पुढं लावणीशिवाय दाट रान आलं, आधीपेक्षा मिश्र, आणि आता लोक ते बघायला तिकडं जातात. तरी मधली वीस वर्षं गावकऱ्यांनी करड्या खोडांकडं बघत काढली, ते नाकारत नाही. फरक एवढाच की तो भुंगेरा स्प्रूसवर जगतो आणि तिथं मैलोन्‌मैल स्प्रूसच होता. राईत एका जातीवर ताव मारणारी कीड पुढच्या झाडाला पोचते तेव्हा ते झाड दुसऱ्याच जातीचं असतं. बाभळीची पट्टी मात्र त्याच वर्गातली. ती उचलायला माझी काही हरकत नाही. उलट उचलाच.

---

भोगावतीकाठ | २३ मे, रात्री १०.०५

सभा झाली. तीन तास. दोनदा हमरीतुमरी, एकदा चहा.

सातबारा काढला, राई देवस्थानच्या नावावर, अभयारण्याबाहेर. आडवी झालेली बाभळीची पट्टी रीतसर परवाना काढून विकायची, त्यातून देवळाची कौलं. राईत जेसीबी घालायचा नाही, हे एका मतानं पास झालं, आणि ते मत गुरवांचं होतं. काकू, कौलही लागला. जांभूळ आणि ऐन जागेवर. वाटेवरच्या फांद्या तेवढ्या हातकरवतीनं कापून कडेला रचायच्या. मुळांच्या गड्ड्याला दोर बांधलाय. नाना काढायला जाणता माणूस बोलावलाय. त्याचं खोड देवळाच्या वाशासाठी वापरावं की राईतच ठेवावं, यावर अजून भांडण आहे. माझं मत वाशाला द्यावं. गावाला काहीतरी हाती लागलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वळवाला माझं कोणी ऐकणार नाही.

बाभळीच्या रिकाम्या जागेत तरुण मंडळ लावणार. हजारावरून दोनशेवर आणलं, राईतल्याच बियांची रोपं करून. जांभळं आत्ता पिकतायत, लगेच पिशव्या भरायला घेतोय. राईत मात्र एकही रोप लावायचं नाही.

रानमोडी कधी काढायची?

---

वनस्पतीवाली | २३ मे, रात्री १०.४०

पावसाळ्याच्या शेवटी, फुलं यायच्या आत. माती ओली असते, मुळासकट उपटून येते. थंडीत फुलून बी उडालं की मग काही उपयोग नाही. कोयत्यानं कापू नका, खुंटावरून दुप्पट फुटते. पहिली तीन वर्षं तरी हे काम चुकवता येणार नाही. शेळ्या आणि गुरं राईच्या बाहेर, ती रानमोडी तोंडात धरत नाहीत, जांभळाची रोपं मात्र आवडीनं खातात. वाशाबद्दल मीही तुमच्याच मताची.

---

आजऱ्याचा काजूवाला | २३ मे, रात्री ११.१५

चांगलं केलंसा. पण शब्द शब्द असतो. पुढच्या दिवाळीला हा धागा वर काढा आणि राईचा फोटो टाका, जवळनं काढलेला, देवळाच्या पायरीवरनं न्हवं. रानमोडी दिसली तर मी हितंच हाय.

आणि बाभळीचा काय भाव ठरला तेवढं व्यनि (खासगी निरोप) करा. माझीबी बांधाला पडल्यात.